वापरलेलं छोटं जेट घेताना : मराठवाड्यातल्या पहिल्या खरेदीदारासाठी

जुन्या जेटची जाहिरात पाहिली की पहिला धक्का किमतीचा बसतो, आणि तो सुखद असतो. पंधरा वर्षांचं, चार-सहा माणसांचं, दोन इंजिनांचं विमान मुंबईतल्या चांगल्या फ्लॅटच्या भावात मिळताना दिसतं. दलाल फोटो पाठवतो, बदामी चामड्याच्या खुर्च्या दिसतात, आणि जालन्यात किंवा वाळूजला ऑफिसात बसलेला माणूस थेट इसाराची रक्कम विचारतो. गडबड होते ती इथे. या व्यवहारात भाव जास्त लागला म्हणून पैसे बुडण्यापेक्षा कामं उलट्या क्रमाने केली म्हणून बुडण्याचं प्रमाण मोठं आहे. खालच्या पायऱ्या दिल्या आहेत त्याच क्रमाने करा. फोटो सगळ्यांत शेवटी बघा.

१. खासगी वापर की चार्टर परवाना, हे आधी ठरवा

विमान कुठलं घ्यायचं हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, ते कोणत्या वर्गात नोंदवायचं. स्वतःच्या आणि कंपनीच्या फिरण्यासाठी घेतलं तर ते खासगी. भाड्याने द्यायचं असेल तर अनुसूचित नसलेल्या वाहतुकीचा परवाना लागतो. या धंद्यात सगळे त्याला एनएसओपी म्हणतात.

फरक करात आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक वापराच्या विमानावर ४० टक्के जीएसटी आहे. इतर वापराच्या विमानावर ५ टक्के. आयातीत तोच दर आयजीएसटी म्हणून लागतो. विमा आणि वाहतूक धरून विमानाची किंमत १६ कोटी पडली असं समजा. खासगी वर्गात नुसता हा कर ६ कोटी ४० लाख, चार्टर वर्गात ८० लाख. सीमाशुल्क वेगळं, पण त्याचा आकडा यापुढे किरकोळ आहे. शिवाय खासगी वापराच्या विमानावर भरलेला जीएसटी कंपनीच्या इतर करातून वळता करून घेता येत नाही. कायद्याने तो रस्ता बंद केलेला आहे.

हे वाचून कुणालाही वाटेल की चार्टरचा परवाना काढू आणि आपणच वापरू. हा सगळ्यांत महागडा सापळा आहे. सवलतीत आयात करताना सीमाशुल्क खात्याला हमीपत्र द्यावं लागतं की विमान त्याच कामासाठी वापरलं जाईल. पुढे प्रवासी यादीत महिनोन् महिने एकाच घरातली नावं दिसली आणि भाड्याचं बिल कुठेच नसलं, तर नोटीस येते. याच मुद्द्यावर देशात कित्येक मालकांचे खटले वर्षानुवर्षं चालले आहेत. परवाना काढायचा तर धंदा खरोखर करायचा: दरपत्रक, बिलं, बाहेरचे प्रवासी, सगळं.

परवान्याला स्वतंत्र कंपनी लागते. संचालकांची सुरक्षा पडताळणी होते. जबाबदार व्यवस्थापक, ऑपरेशन्स प्रमुख, सुरक्षितता प्रमुख, देखभाल आणि गुणवत्ता बघणारी माणसं नेमावी लागतात. डीजीसीएची, म्हणजे केंद्राच्या नागरी विमान वाहतूक नियामकाची, तपासणी पाच टप्प्यांत होते. हे काम महिन्यांच्या हिशोबाने चालतं, आठवड्यांच्या नाही. एकच विमान असेल तर एक मधला रस्ता आहे: आधीच परवाना असलेल्या ऑपरेटरकडे विमान लावायचं. तो वैमानिक, मॅन्युअलं, देखभाल सांभाळतो. तुम्ही ठरलेल्या अटींवर मालक. पहिल्या खरेदीला हाच रस्ता शहाणपणाचा. फक्त करारात एक कलम नक्की घाला: करार मोडला तर लॉगबुकं आणि सगळे मूळ कागद किती दिवसांत तुमच्या हातात येतील.

चार-पाच जणांनी मिळून घेण्याची कल्पना आपल्याकडे लवकर सुचते. २०१० मध्ये संभाजीनगरच्या उद्योजकांनी एकगठ्ठा दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या, ते अजून सगळ्यांच्या तोंडी आहे. पण तिथे प्रत्येकाने आपापली चावी घरी नेली. विमानाची चावी एकच, आणि सोमवारी सकाळी मुंबई सगळ्यांनाच पाहिजे असते. भागीदारी करायचीच असेल तर तासांची वाटणी, किमान खर्चाची वाटणी आणि बाहेर पडणाऱ्याचा हिस्सा कोणत्या भावाने घ्यायचा, हे तिन्ही आधी लिहून काढा.

२. मे महिन्याच्या दुपारचं गणित करा

जाहिरातीत उड्डाणाला लागणारी धावपट्टी लिहिलेली असते. तो आकडा समुद्रसपाटीचा आणि १५ अंश तापमानाचा असतो. मराठवाड्यात यांतलं एकही नाही.

संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाची उंची १,९११ फूट. या उंचीवर प्रमाण तापमान साधारण ११ अंश धरतात. मे महिन्यात दुपारी ४२ अंश असतं, म्हणजे ३१ अंश जास्त. प्रत्येक अंशाला सुमारे १२० फूट धरले तर विमानाला ती हवा ५,६०० फुटांवरची वाटते. कळसूबाईचं शिखर ५,४०० फूट आहे. थोडक्यात, मेच्या दुपारी तुमचं विमान कळसूबाईच्या माथ्यावरून उडतं असं समजून सगळे आकडे काढायचे.

चिकलठाण्याची धावपट्टी २,८३५ मीटर, नांदेडची २,३०० मीटर. छोट्या जेटला लांबी पुरते. पुरत नाही ती चढण. उड्डाणाच्या क्षणी एक इंजिन बंद पडलं तरी दुसऱ्यावर ठरावीक चढाने वर जाता आलं पाहिजे. गरम, विरळ हवेत इंजिनाचा जोर उतरतो, आणि मग त्या मर्यादेत राहण्यासाठी वजन कमी करावं लागतं. वजन कमी म्हणजे इंधन कमी किंवा माणसं कमी. ब्रोकरला सांगा: या अनुक्रमांकाच्या विमानाचं फ्लाइट मॅन्युअल पाठव, आणि त्यातल्या तक्त्यावरून २,००० फूट, ४२ अंश, दोन वैमानिक, चार प्रवासी असं काढून दे. जो हे टाळतो तो ब्रोकर सोडा.

चिकलठाण्याहून सरळ रेषेत मुंबई सुमारे २८० किलोमीटर, बंगळुरू ७८०, चेन्नई ९१५, दिल्ली ९८०, कोलकाता १,३८०. कोलकात्याला वर्षातून दोनदा जाणार असाल तर त्यासाठी मोठं विमान घेऊ नका. वाटेत नागपूरला इंधन भरा. उलट आठवड्याला मुंबई असेल तर जेटबद्दलच पुन्हा विचार करा. मुंबईला गर्दीच्या तासांत खासगी विमानांवर बंधनं असतात आणि रात्री उभं करायला जागा मिळणं अवघड. प्रवाशांना उतरवून विमान रिकामं दुसरीकडे न्यायचं आणि परत आणायचं, म्हणजे एका फेरीच्या दोन फेऱ्या होतात. २८० किलोमीटरला टर्बोप्रॉप (समोर फिरत्या पात्यांचं, प्रोपेलरचं विमान) जवळपास तेवढ्याच वेळात जातं आणि इंधन बरंच कमी पितं.

लातूर, नांदेड किंवा धाराशिवला विमान ठेवायचा विचार असेल तर तीन गोष्टी लेखी मिळवा: विमानतळाच्या परवान्याची आजची स्थिती, कामकाजाच्या वेळा आणि रात्री दिव्यांची सोय, आणि जेट इंधन तिथे कायम असतं की टँकर मागवावा लागतो.

३. मॉडेल ठरवा, पण दोनच ठेवा

पाच मॉडेलं डोक्यात ठेवून बाजारात गेलात तर प्रत्येक दलाल स्वतःकडचं गळ्यात घालेल.

सेसना सायटेशन मस्टँग: २००६ मध्ये प्रमाणित, उत्पादन २०१७ मध्ये थांबलं. दोन पीडब्ल्यू६१५एफ इंजिनं, गार्मिन जी१००० कॉकपिट. चालवायला सगळ्यांत सोपं आणि खर्चाला हलकं. पण टाक्या पूर्ण भरल्या तर दोन वैमानिकांनंतर एक-दोन माणसांचंच वजन उरतं. चार जण रोज दिल्लीला नेणारं विमान म्हणून याच्याकडे बघू नका.

एम्ब्रेअर फेनम १००: २००८ च्या अखेरीस प्रमाणित. केबिन मोकळी, मागे शौचालय. सुरुवातीच्या विमानांना पंखावर स्पॉइलर (उतरताना उभ्या राहून वेग कमी करणाऱ्या फळ्या) नव्हते, २०१४ च्या ‘ई’ आवृत्तीपासून आले. इंजिनाचा झोत उलटा वळवून विमान थांबवणारे रिव्हर्सर कोणत्याच आवृत्तीत नाहीत. पावसाळ्यात ओल्या धावपट्टीवर सगळा भार ब्रेकवर येतो. आधीच्या विमानाचे ब्रेक आणि टायर किती वेळा बदलले, ते लॉगमध्ये खास बघा.

सायटेशन सीजे-२ प्लस: दोन विल्यम्स एफजे४४-३ए इंजिनं, कॉलिन्स प्रोलाइन २१ कॉकपिट. महाग, पण मराठवाड्याच्या उन्हाळ्यात माणसं आणि इंधन दोन्ही घेऊन उडणारं म्हणून माझा कल याच्याकडे. कमाल उड्डाण वजन १२,५०० पौंड, म्हणजे ५,६७० किलो. हा आकडा मुद्दाम लक्षात ठेवा. पुढच्या पायरीत लागेल.

बीचजेट ४०० आणि हॉकर ४००एक्सपी स्वस्त दिसतात. इंधन आणि देखभाल त्या स्वस्ताईची परतफेड करून घेतात.

४. भारतात नोंदणी होईल का, हे इसाराआधी तपासा

तीन चाळण्या आहेत.

पहिली वयाची. आयात होणाऱ्या वापरलेल्या विमानासाठी डीजीसीएच्या नियमांत वयाची आणि संरचनेच्या आयुष्याची मर्यादा आहे. ती वापराप्रमाणे वेगळी असते आणि मधूनमधून बदलते. ज्या दिवशी सही करणार त्या दिवशीची आवृत्ती डीजीसीएच्या संकेतस्थळावरून काढा. ब्रोकरच्या जुन्या पीडीएफवर जाऊ नका. मर्यादा संपायला चार महिने उरलेलं विमान हमखास स्वस्त मिळतं. ते वाटेतच अपात्र होतं.

दुसरी उपकरणांची. ५,७०० किलो ही अनेक नियमांतली रेघ आहे: फ्लाइट डेटा रेकॉर्डर, जमिनीच्या धोक्याचा इशारा देणारी यंत्रणा, टक्कर टाळणारी यंत्रणा. सीजे-२ प्लस रेघेच्या किंचित खाली राहतं, सीजे-३ वर जातं. खाली राहिलात म्हणजे सुटलात असंही नाही. चार्टरसाठी अपेक्षा वाढतात. अमेरिकेत खासगी वापरात फिरलेल्या कित्येक छोट्या जेटांत रेकॉर्डर नसतो. नंतर बसवायचा म्हणजे केबिन उघडणं, तारा ओढणं, मंजूर आराखडा मिळवणं. विमान आठवडेच्या आठवडे उभं. उपग्रह नेव्हिगेशनही बघा. उपग्रहाच्या संकेतातली चूक दुरुस्त करणाऱ्या ज्या यंत्रणेला अमेरिकेत वॉस म्हणतात तिची आपली बहीण म्हणजे गगन. विमानातला रिसीव्हर ते वापरू शकतो का, ते मॉडेल क्रमांकावरून कळतं.

तिसरी फेरफारांची. मालकांनी वेळोवेळी बसवलेल्या प्रत्येक वस्तूमागे मंजुरीचा कागद हवा. विंगलेट, वाय-फाय, नवा स्क्रीन, काहीही असो. आणि एक बारीक दिसणारी, पण पोलिसांपर्यंत जाणारी गोष्ट: सॅटेलाइट फोन. अमेरिकन विमानांत इरिडियमचा संच आर्मरेस्टमध्ये सहज बसवलेला असतो. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय तो चालत नाही. विमान निघण्याआधीच तो काढून घ्या आणि काढल्याची नोंद लॉगबुकात करून घ्या.

५. माणसं नेमा, आणि ती तुमची असू द्या

विकणाऱ्याचा ब्रोकर विकणाऱ्याचाच. त्याच्या शिफारशीचा तपासनीस म्हणजे घोडा विकणाऱ्याच्या भावाकडून घोड्याचे दात मोजून घेणं. माळेगावच्या यात्रेतही कुणी असं करत नाही. तुम्हाला हवेत:

- त्या मॉडेलवर काम केलेला तांत्रिक सल्लागार. नुसता विमान अभियंता पुरत नाही
- भारतात देखभालीची जबाबदारी घेणारी संस्था; धंद्यात तिला कॅमो म्हणतात. तिच्या मान्यतापत्रात तुमच्या मॉडेलचं नाव छापलेलं असलं पाहिजे
- विमान व्यवहार केलेला वकील
- विमान आयात केलेला कस्टम एजंट; गोदीत यंत्रं सोडवणारा नव्हे
- या प्रकाराचं रेटिंग, म्हणजे हे मॉडेल उडवण्याची मान्यता, असलेले दोन वैमानिक, किंवा ते मिळवायला पाठवता येतील असे दोन. प्रशिक्षण बहुधा परदेशी सिम्युलेटरवर होतं आणि जागा महिनोन् महिने आधी घ्यावी लागते

वैमानिकांचा विचार लोक शेवटी करतात. मग विमान येतं, उभं राहतं, आणि बॅटरी उतरत बसते.

६. विमानाआधी कागद वाचा

लॉगबुकं स्कॅन करून मागवा. पहिल्या दिवसापासूनची, एअरफ्रेमची (इंजिनं सोडून बाकी विमान) आणि दोन्ही इंजिनांची. मधलं एक वर्ष गायब असेल तर विमान कितीही चकचकीत असो, पुढे विकताना तुमचाही भाव तिथेच तुटेल.

वाचताना या ओळी शोधा. ‘दुरुस्ती केली’ असं लिहिलंय, पण का केली ते नाही: मग अमेरिकन नोंदणीच्या विमानासाठी फॉर्म ३३७ मागा, मोठी दुरुस्ती किंवा बदल त्यावर नोंदवलेला असतो. पंखाची कड, शेपूट किंवा पुढचं चाक एकाच आठवड्यात बदललंय: धावपट्टीबाहेर जाऊन आलंय का, विचारा. दोन तपासण्यांच्या मध्ये चौदा महिने उड्डाणच नाही: विमान कुठे, कसं उभं होतं? कमी तास उडालेलं विमान म्हणजे चांगलं विमान असं नसतं. शेडमध्ये दोन वर्षं उभ्या ट्रॅक्टरचे रबरी सील कसे होतात ते आपल्याकडे कुणाला सांगायला नको. जेटचेही तसेच होतात, आणि ते जास्त महाग असतात.

इंजिनाचं गणित वेगळं करा. मस्टँगच्या पीडब्ल्यू६१५एफ इंजिनाचा ओव्हरहॉल (पूर्ण उघडून दुरुस्ती) ३,५०० तासांवर, आणि मध्ये १,७५० तासांवर गरम भागाची तपासणी. ३,१०० तास झालेली इंजिनं म्हणजे ४०० तास शिल्लक. वर्षाला २०० तास उडालात तर दोन वर्षांत दोन्ही इंजिनं कारखान्यात. जुन्या छोट्या जेटमध्ये ते बिल विमानाच्या किमतीचा मोठा हिस्सा असतं. म्हणून ‘इंजिन कार्यक्रमावर आहे’ हे वाक्य जाहिरातीत ठळक छापतात: मालक तासाला ठरावीक रक्कम भरत जातो आणि ओव्हरहॉल त्यातून होतो. विल्यम्सचा टॅप, प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाचा ईएसपी, किंवा जेएसएसआय.

इथे चार प्रश्न लेखी विचारा. सगळे हप्ते भरलेत का? भरणा पूर्ण आहे की अंशतः? करार नव्या मालकाच्या नावावर होतो का आणि त्याची फी किती? वर्षाला किमान किती तास भरावेच लागतात? शेवटचा प्रश्न आपल्याकडे सगळ्यांत जास्त लागतो. किमान १५० तास ठरलेले असतील आणि तुम्ही ७० उडालात, तर न उडालेल्या ८० तासांचेही पैसे जातात.

आयुष्यमर्यादित सुट्या भागांची यादी स्वतंत्र मागा. प्रत्येक भाग कारखान्यातून निघाल्यापासून आजपर्यंत कुठे होता, याची साखळी तुटलेली नको.

७. इसार, मग साठेखत

जमिनीचा व्यवहार केलेल्याला हा भाग ओळखीचा वाटेल. आधी हेतुपत्र, मग इसार, मग करार. इसार विकणाऱ्याच्या खात्यात कधीच नाही. तो एस्क्रो एजंटकडे, म्हणजे व्यवहार होईपर्यंत पैसे धरून ठेवणाऱ्या त्रयस्थाकडे जातो. अमेरिकेतले बरेच एस्क्रो एजंट ओक्लाहोमा सिटीत आहेत, कारण एफएएची, म्हणजे अमेरिकेच्या विमान नियामकाची, विमान नोंदणी कचेरी तिथे आहे.

करारात हे असलंच पाहिजे:

- तपासणी होऊन तुम्ही लेखी तांत्रिक स्वीकृती देईपर्यंत इसार पूर्ण परत मिळेल
- तपासणी कुठे होणार, आणि ती कुणाच्या सांगण्याने वाढू शकते
- उड्डाणयोग्यतेला बाध आणणारे दोष विकणारा दुरुस्त करणार
- निर्यातीचं उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र मिळवून देण्याची जबाबदारी त्याची
- भारतातली परवानगी नाकारली गेली तर तुम्ही बाहेर पडू शकता

शेवटचं कलम विकणारे सहजी देत नाहीत. पण चौथी पायरी नीट केलेली असेल तर त्याच्यावाचूनही झोप लागते.

८. खरेदीपूर्व तपासणी

ज्या वर्कशॉपने हे विमान वर्षानुवर्षं सांभाळलंय, तिथे तपासणी नको; स्वतःच्याच कामात चुका काढायला कुणाला आवडत नाही. त्या मॉडेलचं अधिकृत, पण दुसरं वर्कशॉप निवडा.

कामांच्या यादीत दोन्ही इंजिनांची बोरस्कोप तपासणी, म्हणजे आत बारीक कॅमेरा घालून पाहणी, हवी. इंजिनांना जोर देऊन कमाल तापमानाच्या मर्यादेआधी किती अंश शिल्लक राहतात ते मोजायला हवं. गंज, लँडिंग गिअर, हवाबंदपणा, इंधन टाक्या, ऑक्सिजन आणि अग्निशामक बाटल्यांच्या मुदती, सक्तीच्या निर्देशांची पूर्तता हेही त्यात लिहून घ्या. बोरस्कोपची चित्रफीत मागा. टर्बाइनच्या पात्याच्या टोकाला कागद जळल्यासारखी तपकिरी कड दिसली, किंवा कॉम्प्रेसरच्या पात्यावर नखाएवढा खळगा, तर सल्लागाराला त्याच फ्रेमवर थांबवा आणि मॅन्युअलमधली मर्यादा काढायला लावा. ‘चालतंय’ हे उत्तर नाही, मिलिमीटर सांगा.

तुम्ही स्वतः गेलात तर टॉर्च घ्या आणि पंखाखाली झोपा. जेट इंधनाला रंग जवळजवळ नसतो, त्यामुळे गळती ओली दिसत नाही. रिव्हेटच्या ओळीवर धूळ चिकटून काळपट पट्टा दिसतो. बोटाने पुसा, वास घ्या. समोरच्या काचेच्या कडेला साबणाच्या पाण्यासारखा पांढुरका ढग असेल तर काचेचे थर सुटतायत. चाकाच्या दांड्यावर तेलाची कड, शेपटीच्या कडेवरच्या काळ्या रबरी पट्टीवर ठिगळं, हेही मोजा. इंजिन सुरू करताना केबिनमध्ये गरम तेलाचा वास आला तर सीलकडे बघायला सांगा.

चाचणी उड्डाण वरच्या कमाल उंचीपर्यंत न्या. खाली सगळी विमानं चांगली असतात. केबिनचा दाब, एकेक जनरेटर बंद करून दुसऱ्यावर भार, ऑटोपायलटवर आयएलएस (धावपट्टीवरच्या रेडिओ संकेतांवरून उतरणं), बर्फरोधक पट्ट्यांची फुगवण, गिअर दोन-तीनदा वरखाली, हे सगळं बसून पाहा. सहीचा कागद खाली उतरल्यावर.

दोषांची यादी आली की दोन रकाने करा: उड्डाणयोग्यतेचे आणि दिसण्याचे. भांडण पहिल्या रकान्यावर करा. सीटच्या शिवणीवरून ताणून बसणारे खरेदीदार खूप आहेत. पैसा मात्र गिअरच्या ओव्हरहॉलमध्ये अडकलेला असतो.

९. बोजा शोधा, मग पैसे सोडा

सातबाऱ्यावर बँकेचा बोजा बघतो तसाच इथेही बघायचा, फक्त दोन ठिकाणी. एक, विमान ज्या देशात नोंदलंय तिथली कचेरी. दोन, विमानांवरच्या कर्ज-हक्कांच्या केप टाउन करारानुसार चालणारी डब्लिनची आंतरराष्ट्रीय नोंदवही. भारत या करारात २००८ मध्ये आला, आणि २०२५ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदाही झाला. एअरफ्रेम आणि दोन्ही इंजिनं यांचे शोध वेगवेगळे घ्या. इंजिनावरचा बोजा एअरफ्रेमच्या शोधात येत नाही. कर्ज काढून घेणार असाल तर बँक तुमच्याकडून आयडेरा नावाचा अधिकारपत्राचा कागद मागेल. हप्ते थकले तर नोंदणी रद्द करून विमान बाहेर नेण्याचा हक्क त्याने बँकेला मिळतो. वाचून सही करा.

परदेशात पैसे पाठवताना तुमची बँक आयात कोड आणि डीजीसीएच्या परवानगीचे कागद मागते. मालेगावच्या यंत्रमागासाठी किंवा शेंद्र्याच्या मशिनसाठी आगाऊ रक्कम पाठवलेली शाखा विमानासाठीही सराईत असेलच असं नाही. मुख्य कचेरीतल्या परकीय चलन विभागाशी करारापूर्वीच बोला. पैसे एस्क्रोत, खरेदीखत एस्क्रोत, आणि दोन्ही एकाच फोनवर सुटतात.

१०. विमान घरी आणणं

अमेरिकेतून येणारं छोटं जेट अटलांटिक एका उडीत ओलांडत नाही. कॅनडा, ग्रीनलँड, आइसलँड, स्कॉटलंड, मग युरोप आणि आखात असं टप्प्याटप्प्याने येतं. विमानं पोचवून देणारा अनुभवी वैमानिक (धंद्यात ‘फेरी’ वैमानिक) घ्या आणि प्रवासाचा विमा वेगळा काढा. खाली ठेवलेल्या विमानाची पॉलिसी इथे चालत नाही.

नोंदणी रद्द करण्याची वेळ हा नाजूक सांधा आहे. जुन्या देशातून नाव निघालं आणि भारतातलं ‘व्हीटी’ चिन्ह अजून मिळालं नाही, तर विमान कोणत्याच देशाचं नाही आणि हलवता येत नाही. परक्या चिन्हावर भारतात आणून मग नोंदणी, की तिकडेच व्हीटी लावून उड्डाण, हे वकील आणि कॅमो यांना एका खोलीत बसवून ठरवा.

आगमन मुंबई, अहमदाबाद किंवा दिल्लीसारख्या मोठ्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर ठेवा, जिथे सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी विमानाचं बिल ऑफ एंट्री (आयातीचा सीमाशुल्क दस्त) आधी पाहिलेलं असतं.

कागदांची फाइल (दोन प्रती, एक विमानात नको):

- खरेदीखत, करार, एस्क्रोची पावती, दोन्ही शोध अहवाल
- जुन्या देशाचं नोंदणी रद्द केल्याचं पत्र
- निर्यातीचं उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र
- आयातीची परवानगी, आयात कोड, बिल ऑफ एंट्री, हमीपत्र
- वजन-तोल अहवाल, फ्लाइट मॅन्युअल, उपकरणांची यादी
- निर्देश आणि सर्व्हिस बुलेटिनांच्या पूर्ततेची यादी, फेरफारांच्या मंजुऱ्या
- विमा
- रेडिओचा परवाना. तो दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून मिळतो

डीजीसीएचे अर्ज ई-जीसीए पोर्टलवर होतात. नोंदणी प्रमाणपत्र, उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र आणि त्याचं आढावा प्रमाणपत्र अशी तीन वेगळी कामं आहेत. व्हीटी चिन्ह रंगवून झालं की ट्रान्सपॉन्डरचा (रडारला विमानाची ओळख सांगणाऱ्या यंत्राचा) २४ बिटांचा पत्ता आणि आपत्कालीन बीकनचा कोड दोन्ही बदलावे लागतात. रंगारी आला, चिन्ह झालं, आणि बीकन जुन्याच देशाच्या नावाने ओरडतोय, हा प्रकार तपासणीत सापडतो आणि आठवडा खातो.

११. पहिला उन्हाळा, पहिली गारपीट

विमान उभं कुठे राहणार, हे आल्यावर ठरवायचं नसतं. फेब्रुवारी ते एप्रिल मराठवाड्यात गारपीट होते. द्राक्षांचं जे होतं तेच पंखाच्या पातळ पत्र्याचं होतं, फरक एवढाच की इथे पंचनाम्याआधी विमा कंपनी विचारते: हँगरमध्ये का नव्हतं? हँगर मिळत नसेल तर त्या काळात विमान दुसऱ्या शहरात ठेवण्याचा खर्च बजेटमध्ये धरा.

उघड्यावर असेल तर इंजिनांची झाकणं, पिटॉट नळीची (हवेतला वेग मोजणाऱ्या नळीची) टोपी, काचांचे पडदे रोज. काळ्या मातीची उन्हाळी धूळ बारीक असते आणि फटीत बसते. पावसाळ्यात टाकीतलं पाणी काढणं चुकवू नका. पाणी आणि इंधनाच्या सीमेवर बुरशी वाढते आणि फिल्टर तुंबवते. निचऱ्याच्या नमुन्यात तपकिरी शेवाळासारखे धागे दिसले तर उड्डाण थांबवा. नेव्हिगेशनचा डेटाबेस दर २८ दिवसांनी बदलतो. त्याची वर्गणी देखभालीच्या बजेटातून गळते, म्हणून वेगळी ओळ लिहा.

मे महिन्यात उड्डाणं सकाळी नऊच्या आत किंवा सूर्यास्तानंतर ठेवा, विमानतळाच्या वेळा बघून. दुपारी दोनला चारही पाहुणे आणि भरलेल्या टाक्या घेऊन निघायचंच असेल तर वैमानिकाने तक्ता काढून नाही म्हटल्यावर त्याच्याशी वाद घालू नका; एक पाहुणा उतरवा किंवा नागपूरला इंधन भरायला थांबा.